कोणी कोणाचे पाय धरावेत?

आज आषाढ शुद्ध एकादशी. गेले तीन-चार आठवडे महाराष्ट्राच्या वाटा तुडवीत चाललेले पाय आज पंढरीत विसावले आहेत. त्यांतील कितीतरी पाय आमच्या जिल्ह्याच्या मातीतून गेले. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगर शहरातून, पुढे कर्जत तालुक्यातील मिरजगावावरून करमाळ्याकडे गेली. पैठणची नाथांची पालखी जामखेड तालुक्यातील खर्ड्यावरून परांड्याकडे वळली. ज्या ज्या गावी दिंड्या उतरल्या, त्या त्या गावाने आपापल्या ऐपतीप्रमाणे त्यांची सेवा केली. कोणी पिठले-भाकरी वाढली, कोणी चहाचे पातेले चुलीवरून उतरूच दिले नाही. चर्मकार बंधूंनी तुटलेल्या वहाणा फुकट शिवून दिल्या, नाभिक बंधूंनी दाढ्या केल्या, डॉक्टरांनी फोडांवर मलमपट्टी केली. आणि रात्री समाजमंदिराच्या ओसरीवर घराघरांतील तरुण मुले तेलाची वाटी घेऊन अनोळखी म्हाताऱ्यांचे पाय चोळीत बसली.

सेवेचे हे चित्र पाहून कोणाही सहृदय माणसाचे मन भरून यावे, असेच ते आहे. परंतु या चित्रात एक लहानशी गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पाय चोळून झाल्यावर तो मुलगा वारकऱ्याच्या पायांवर डोके ठेवतो. आणि तो म्हातारा वारकरीही लगबगीने वाकून त्या मुलाच्या पायांना हात लावतो. ज्याने सेवा केली तोही नमस्कार करतो, ज्याची सेवा झाली तोही नमस्कार करतो. दोघेही एकमेकांस 'माउली' म्हणतात. दाता कोण व याचक कोण, हे त्या क्षणी ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही.

वारकरी संप्रदायाने महाराष्ट्रास अभंग दिले, कीर्तन दिले, हे आपण नेहमीच सांगतो. आमच्या मते हा परस्परांच्या पाया पडण्याचा रिवाज हीदेखील त्याची तितकीच थोर देणगी होय. सेवेचे सारे तत्त्वज्ञान त्यात सामावले आहे. आजच्या पवित्र दिवशी त्याचाच थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

उपकाराचे ओझे

दुसऱ्याची काळजी घेणे हा धर्म आहे, हे सांगण्यास कोणा पंडिताची आवश्यकता नाही. भुकेल्यास अन्न, तहानलेल्यास पाणी, आजाऱ्यास औषध द्यावे, हे सर्व धर्मांनी एकमुखाने सांगितले आहे. प्रश्न आहे तो द्यावे की न द्यावे हा नव्हे. प्रश्न आहे तो देताना आपण कोठे उभे असतो, हा. देणारा हात वर असतो आणि घेणारा हात खाली असतो. ही उंच-सखलता एकदा मनात रुजली म्हणजे सेवेचे रूपांतर उपकारात होते. आणि उपकारासारखे जड ओझे दुसरे नाही. रोगाने माणूस जितका खचतो, त्याहून अधिक तो 'आपण आता कोणाच्याही उपयोगाचे राहिलो नाही' या जाणिवेने खचतो. आपण त्याच्या उशाशी फळांची परडी ठेवतो, औषधाची वेळ चुकू देत नाही. परंतु त्याच्याकडून काहीही घेत नाही. नकळत आपण त्याला सांगत असतो की, बाबा, तुझ्याजवळ देण्यासारखे आता काही उरलेले नाही.

म्हणून आम्हांस वाटते की, सेवेची पहिली पायरी दुसऱ्यास देणे ही असली, तरी तिचे शिखर दुसऱ्याकडून घेणे हे आहे. ज्याची आपण काळजी घेतो त्यालाही कोणाची तरी काळजी घेता यावी, इतका मान त्याला देणे, ही खरी सेवा. हा विचार आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. आमच्या जिल्ह्याच्या मातीत त्याची साक्ष देणारी स्थळे आहेत.

नेवाशाचा खांब

त्यांतील पहिले स्थळ प्रवरेच्या काठी नेवासे येथे आहे. तेथील मंदिरात जो खांब आजही दाखविला जातो, त्याला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी श्रद्धा आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० हा ज्ञानेश्वरीचा काळ. हा सांगणारा मुलगा कोण होता? संन्याशाचे पोर म्हणून ज्याला आणि ज्याच्या भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते, आईबापांचे छत्र ज्याच्या डोक्यावरून गेले होते, असा तो पोरका मुलगा होता. वस्तुतः जगाने ज्याची काळजी घ्यावयास हवी होती, त्यानेच ग्रंथाच्या शेवटी साऱ्या जगाची काळजी वाहिली.

पसायदान आपण शाळेपासून म्हणत आलो आहोत. परंतु त्यात ज्ञानदेवांनी काय मागितले आणि काय मागितले नाही, हे पाहण्यासारखे आहे. दुष्टांचा नाश व्हावा असे ते म्हणत नाहीत. त्यांच्या मनाचे वाकडेपण जावे, असे म्हणतात. सबळांनी दुर्बळांवर दया करावी, असेही ते म्हणत नाहीत; प्राणिमात्रांचे एकमेकांशी सख्य जुळावे, असे मागतात. दया आणि सख्य यांत मोठे अंतर आहे. दया वरून खाली उतरते. सख्य समोरासमोर उभे राहते. मित्र मित्राला देतो, तसाच तो मित्राकडून निःसंकोच घेतोही. ज्ञानदेवांनी देवाजवळ दयेऐवजी सख्य मागितले, यातच त्यांचे माउलीपण आहे.

द्वारकामाईतील मलमपट्टी

दुसरे स्थळ शिरडी. तेथील एक प्रसंग साईसच्चरितात आलेला आहे. १९१० सालच्या दिवाळीत साईबाबा धुनीजवळ बसले असता त्यांनी एकाएकी आपला हात धगधगत्या धुनीत घातला. माधवराव देशपांड्यांनी धावत येऊन त्यांना मागे ओढले. दूर कोठेतरी लोहाराच्या भट्टीत पडलेले मूल वाचविण्यासाठी आपण हात घातला, असे बाबांनी सांगितल्याची कथा आहे. ही कथा भाविकांस ठाऊक असतेच. आमचे लक्ष आहे ते तिच्या पुढच्या भागाकडे.

हात चांगलाच भाजला होता. नानासाहेब चांदोरकर मुंबईहून डॉक्टर परमानंद यांना औषधे-पट्ट्यांसह घेऊन आले. बाबांनी त्यांच्याकडून उपचार करून घेतला नाही. तो मान त्यांनी दिला भागोजी शिंदे यास. भागोजी हा महारोगी होता. व्याधीने बोटे आखडलेली, अंगावर जखमा, आणि ज्याची सावलीही लोक टाळीत असा हा माणूस. तो रोज सकाळी येई, भाजलेल्या हातावर तूप चोळी, वर पान ठेवून पट्टी बांधी. हात बरा झाल्यावरही हा क्रम थांबला नाही. १९१८ साली बाबांनी देह ठेवीपर्यंत तो चालू राहिला, असे चरित्रकार सांगतात.

या प्रसंगाचा अर्थ चमत्काराच्या भाषेत लावण्याची आम्हांस गरज वाटत नाही. महारोग्याच्या जखमा धुणारे साधुसंत पुष्कळ होऊन गेले, आणि ते वंद्यच आहेत. परंतु महारोग्यास आपली जखम धुऊ देणारा विरळा. 'तुझ्या हाताचा स्पर्श मला चालतो' एवढे म्हणून बाबा थांबले नाहीत. 'तुझ्या हाताची मला गरज आहे' असे त्यांनी आपल्या वागण्याने सांगितले. हात बरा झाल्यावरही पट्टी चालू राहिली, ती कोणाच्या उपचारासाठी? आमच्या मते ती भागोजीच्या उपचारासाठी होती. गावाने ज्याला गावाबाहेर काढले, त्याच्यासाठी जगात रोज एक काम आणि एक वाट पाहणारा माणूस निर्माण झाला होता.

जामखेडच्या आरोग्यसेविका

कोणी म्हणेल, या झाल्या संतांच्या गोष्टी. व्यवहारात असे चालत नाही. त्यांस आम्ही जामखेडकडे बोट दाखवू.

याच जिल्ह्यात जन्मलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. त्यांनी आपले आयुष्य खेड्यातील गरिबांसाठी वाहण्याचा संकल्प केला आणि प्रथम वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम पत्करले. योगायोग असा की, हे वडाळे त्याच नेवासे तालुक्यात आहे. तेथे दिवसरात्र राबूनही त्यांना दिसले ते असे : तेच रोगी, तेच रोग घेऊन पुन्हा पुन्हा येत. अतिसाराने वाळलेले मूल बरे करून घरी पाठवावे, तर काही दिवसांनी ते पुन्हा दाराशी. रोगाचे मूळ रुग्णालयात नव्हतेच. ते होते गढूळ पाण्यात, अर्धपोटी जेवणात, जातिभेदात आणि स्त्रीच्या हलाखीत. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते दोघे परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभीचा दवाखाना गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत भरे.

त्या वेळी या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवसही पाहत नसत. तशातच १९७२ चा भीषण दुष्काळ आला. मुलांसाठी अन्नकेंद्रे उघडावी लागली, विंधनविहिरी खोदाव्या लागल्या. त्या विहिरी हेतुतः दलित वस्त्यांत खोदविण्यात आल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर ओंजळ पसरून दूर उभे राहावे लागले, त्यांच्या दाराशी आता सारा गाव पाण्यासाठी येऊ लागला. घेणारे देणारे झाले आणि देणारे घेणारे झाले. भाषणांनी जे झाले नव्हते, ते पाण्याच्या एका हापशाने घडविण्यास प्रारंभ केला.

परंतु सर्वांत मोठा चमत्कार पुढेच होता. शिकलेल्या परिचारिका बाहेरगावाहून येऊन खेड्यात राहीनात. तेव्हा गावातीलच बायांना शिकवावे, असे ठरले. गावागावांतून ज्या बाया निवडून आल्या, त्यांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. या बाया जामखेडला येत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीला जेवत, एकत्र मुक्काम करीत; आणि त्यातच त्यांच्या मनातील शिवाशिव गळून पडे. बाळंतपण कसे करावे, मुलाचे वजन कसे घ्यावे, जुलाबाने सुकलेल्या पोरास मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, अंगावरील बधिर चट्टा महारोगाचा आहे हे कसे ओळखावे, हे त्या शिकल्या. प्रथम प्रथम लोकांनी त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. पुढे तेच लोक अपरात्री कंदील घेऊन त्यांच्या दारी उभे राहू लागले. अडीच दशकांच्या आत बालमृत्यूचे ते प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकावयास आले, आणि त्यांना शिकविणाऱ्यांत या बायाही होत्या.

त्यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ यांनी वॉशिंग्टन येथील आरोग्य परिषदेत केलेले भाषण विख्यात आहे. सभागृहातील झगमगत्या झुंबरांकडे निर्देश करून त्यांनी सांगितले की, मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत. सुंदर, परंतु महाग आणि उंचावर टांगलेले. आम्ही साध्या पणत्या आहोत. परंतु एक पणती दुसरीस लावता येते, झुंबरास तसे करता येत नाही. ज्ञानदेवांच्या भगिनीचे नाव धारण करणाऱ्या या बाईंनी सेवेचे मर्म किती सोप्या शब्दांत सांगितले! झुंबर नको, असा याचा अर्थ नव्हे. शस्त्रक्रियेला डॉक्टर हवाच, रुग्णालय हवेच, आणि ते गरिबाच्या आवाक्यात ठेवण्याची जबाबदारी शासनाचीच. आरोळ्यांनीही रुग्णालय चालविलेच. परंतु ज्या सेवेतून पुढची पणती पेटत नाही, ती कितीही झगमगली तरी तिच्याखाली बसलेला माणूस कायमचा तिचा आश्रितच राहतो.

डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली गेले. पणत्यांचे वैशिष्ट्य हे की, पहिली विझली तरी रांग चालू राहते. याच जामखेड तालुक्यातील चोंडी येथे १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म झाला. आपल्या राज्याच्या सीमा ओलांडून वाटसरूंसाठी त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. आपल्या जिल्ह्याने आता त्यांचे नाव धारण केले आहे. नाव मिळाले, त्या नावास साजेशी वाट चालणे हे आपल्या हाती आहे.

आपल्या घरातील पंढरी

येथवर वाचून कोणी विचारील, आम्ही डॉक्टर नाही, संत नाही. आम्ही काय करावे? आमचे उत्तर असे की, या विचाराची खरी कसोटी जामखेडला नाही आणि शिरडीलाही नाही. ती आपल्या माजघरात आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी केव्हा ना केव्हा एक खाट पडते. अर्धांगवायू झालेले वडील, मांडीचे हाड मोडलेली आजी, स्मृती हरवत चाललेली आई. आमच्या माहितीतील एका घरी अशीच एक आजी कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होती. सून सेवा करी, नातवंडे मायेची होती. तरी आजी भिंतीकडे तोंड करून पडून राही. एकदा चातुर्मासाच्या तोंडावर शेजारच्या बाई सहज म्हणाल्या, "आजी, मला काही वाती वळता येत नाहीत हो तुमच्यासारख्या." दुसऱ्या दिवशी आजींनी कापूस मागवून घेतला. त्या चातुर्मासात साऱ्या आळीच्या देवघरांतील निरांजने आजींच्या वातींवर जळली. दुखणे होते तेथेच होते. परंतु खाटेवर आता नुसती रोगी नव्हती. आळीला जिची गरज आहे अशी एक बाई होती.

अर्थात सर्वच रुग्णांना वाती वळता येत नाहीत. ज्याची शुद्धच हरपली आहे, ज्याला आपले नाव आठवत नाही, त्याच्याकडून काय घ्यावे? हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याला गोड उत्तर देऊन मोकळे होणे हा त्या घरांवर अन्याय ठरेल. अशा ठिकाणी सेवा एकमार्गीच असते. रात्रीमागून रात्री ती करावी लागते, आणि तिचे आभार कोणी मानीत नाही. तेथे एवढेच करता येते : कूस बदलताना आधी त्याला तसे सांगावे, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलू नये, 'अहो'चे 'अरे' होऊ देऊ नये. त्याला काही कळत नसेल. परंतु आपल्याला कळते, आणि घरातील मुले ते पाहत असतात. नगरजवळ शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्ण स्त्रियांना आणून न्हाऊ-माखू घालते, औषधपाणी करते. त्या संस्थेचे नाव 'माउली' आहे. जिला स्वतःचे नावही सांगता येत नाही, तिलाही तेथे हे नाव लाभते.

आणि आता एक गोष्ट, जी सणाच्या दिवशी बोलणे काहींना रुचणार नाही. अशा घरांत ही एकमार्गी सेवा बहुधा एकट्या स्त्रीच्या वाट्यास येते. सून, मुलगी किंवा पत्नी. तिला एकादशी नाही, बारस नाही. दिंडी दारावरून जाते तेव्हा ती आत बेडपॅन धूत असते. वाटेवरील वारकऱ्याचे पाय चेपून पुण्य जोडणारा तरुण घरी परतल्यावर तिने वाढलेले ताट पुढे ओढतो. तिचेही पाय दुखत असतील, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आम्ही वारकऱ्यांच्या सेवेस तिळमात्र कमी लेखीत नाही. परंतु अनोळखी माणसाचे पाय एक रात्र चेपणे सोपे आहे, कारण तो उद्या पुढच्या गावी जाणार असतो. जो कोठेही जाणार नाही, त्याची सेवा करणाऱ्याचे पाय कोण चेपणार? भक्त पुंडलिक आईबापांच्या सेवेत मग्न असल्यामुळे देवास विटेवर तिष्ठत उभे राहावे लागले, अशी पंढरीची मूळ कथा आहे. आज आपल्या घराघरांत असा एकेक पुंडलिक राबत आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो लुगडे नेसलेला आहे. त्याला वीट फेकण्याइतकीही उसंत नाही.

त्याला ती उसंत देणे, हे आपल्या हाती आहे. आठवड्यातून एक दिवस रुग्णाचे सारे आपण करावे आणि तिला मोकळे सोडावे. ती देवळात जाईल, माहेरी जाईल किंवा नुसती झोपेल, तिची इच्छा. शेजाऱ्यांनी रुग्णास भेटावयास जाताना फळे नेण्याऐवजी दोन तास न्यावेत. आणि सेवा करणाऱ्या माउलीनेही 'मला मदत हवी' असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. देणाऱ्याला घेता येणे ही साधना कठीण आहे, हे आम्ही जाणतो. रात्रंदिवस देत राहणाऱ्याच्या मनातही 'माझ्यावाचून चालणार नाही' असा सूक्ष्म अहंकार घर करतो. भाजलेला हात भागोजीपुढे धरणाऱ्या फकिरापासून आपण सर्वांनी हेच शिकावयाचे आहे.

वारी आज पंढरीत पोहोचली. काल्यानंतर वारकरी आपापल्या गावी परततील, टाळ खुंटीला टांगतील, शेतीच्या कामाला लागतील. परंतु एकमेकांच्या पायांवर डोके ठेवण्याचा तो रिवाज मात्र त्यांनी आणि आपण खुंटीला टांगू नये. रुग्णाने सेवकाचे आणि सेवकाने रुग्णाचे, मुलाने आईचे आणि सासूने सुनेचे चरण मनोमन वंदावेत. ज्या दिवशी आपल्या घरात दाता कोण आणि याचक कोण हे ओळखू येईनासे होईल, त्या दिवशी विठ्ठलास विटेवर तिष्ठण्याचे कारण उरणार नाही. तो उतरून आत येईल. त्याने तसे यावे, आणि आल्यावर त्याचेही दमलेले पाय चेपण्याचे भाग्य आपणांस लाभावे, हीच आजच्या दिवशी त्या पंढरीनाथाच्या चरणी प्रार्थना.